टॉपवरची रेघ आधी तुम्हीच दाखवा

पत्र : मी मुलुंडला राहते. माझ्याकडे हाताने घडवलेली दोन टेनर उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, टेनर हे त्याचं एक माप) आहेत. एक अख्खं कोआ लाकडाचं, लो जी तारेचं, म्हणजे जीची तार खालच्या सप्तकात लावलेलं. २०१७ साली परदेशातल्या कारागिराकडून मागवलं होतं, कुरिअर आणि कस्टम धरून १,३५,००० रुपयांना पडलं. दुसऱ्याचा टॉप (पुढची फळी) सीडरचा, पाठ आणि बाजू शिसवीच्या. ते २०१९ मध्ये आपल्याकडच्याच एका कारागिराने ५५,००० ला करून दिलं. अंगठ्याचा सांधा दुखतो म्हणून तीन वर्षं वाजवणं बंद आहे. दोन्ही केसमध्ये पडून आहेत. आता ऑगस्टात केस उघडली तर कुबट वास आला, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर गेल्यासारख्या वाटतात, आणि सीडरच्या टॉपवर ब्रिजच्या (तारा बांधायच्या लाकडी पट्टीच्या) मागे केसाएवढी रेघ दिसते. यजमान म्हणतात, फोटोत दिसतच नाही तर सांगायची कशाला. एका दुकानदाराने दोन्हींचे मिळून ४०,००० देऊ केले. बेंगळुरूचा एक जण कोआचं घ्यायला तयार आहे, पण ४८ तास वाजवून बघून मग नक्की करीन म्हणतो. काय करू? सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकवणारी हाडाची पट्टी) घासून तारा खाली आणून घेऊ का?

उत्तर : सॅडलला अजिबात हात लावू देऊ नका. आणि रेघेबद्दल यजमानांचं म्हणणं मान्य करू नका. दोन्हींचं कारण एकच आहे, ते म्हणजे मुंबईचा पावसाळा.

भरीव लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. टॉप चारही बाजूंनी कडांना चिकटवलेला असतो, त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो मधे वर उचलला जातो. त्याच्याबरोबर ब्रिज वर जातो, ब्रिजबरोबर तारा. तुम्हाला तारा वर गेल्यासारख्या वाटतात ते यामुळे. आज कोणी सॅडल अर्धा मिलिमीटर घासून दिला तर वाद्य आठवडाभर झकास वाजेल. जानेवारीत टॉप खाली बसला की त्याच तारा फ्रेटवर आपटून झणझणतील, आणि घासलेलं हाड परत वाढत नाही. नवा सॅडल करावा लागेल, तोही घेणाऱ्याच्या पैशाने. मग तो तुम्हाला फोन करणारच.

रेघेचं याच्या उलट आहे. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं म्हणून चिरेच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात. ऑगस्टात केसाएवढी दिसणारी चीर कोरड्या हवेत नख जाईल एवढी उघडू शकते. आज फोटोत न दिसणारी रेघ डिसेंबरात घेणाऱ्याच्या घरी आपणहून दिसेल. तेव्हा ती सांगायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती काय आहे ते आधी तुम्ही शोधून काढा.

त्यासाठी रात्री खोली पूर्ण अंधारी करा. तारा थोड्या सैल करा आणि साउंडहोलमधून (टॉपवरच्या भोकातून) जाईल असा छोटा एलईडी टॉर्च आत सोडा. टेनरचा टॉप दोन मिलिमीटरच्या आसपास पातळ असतो. सीडर आतून उजळलं की लालसर दिसतं, दिवा हातामागे धरल्यावर बोटं दिसतात तसं, आणि आतल्या आधारपट्ट्यांच्या सावल्या स्पष्ट उमटतात. त्या लाल उजेडात तुमची रेघ पांढरी धारदार दिसली तर लाकूड आरपार चिरलं आहे. रेघेच्या जागी उजेडात काहीच फरक दिसला नाही, तर बहुधा फक्त पॉलिश तडकलं आहे. मग दिवसा दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना ठेवून अगदी हलका दाब द्या. एक कड दुसरीपेक्षा खाली जाते का, ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो का, ते बघा. रेघ लाकडाच्या रेषांना समांतर असेल तर चिरेची शंका जास्त, रेषांना आडवी कापत जात असेल तर पॉलिशची. आणखी एक शक्यता विसरू नका. टॉप दोन फाळ्या मधोमध जोडून केलेला असतो. रेघ अगदी मध्यावर असेल तर तो सांधा उघडलेला असू शकतो, आणि त्याची दुरुस्ती चिरेपेक्षा सोपी असते.

चीर ठरली तर तिच्यात फेविक्विक सोडू नका. घरोघरी पहिला हात तिकडेच जातो. ते लाकडात खोल शिरतं, डाग पाडतं, आणि नंतर कोणताही चांगला गोंद त्या जागी धरत नाही. गिटार दुरुस्त करणारा जाणता माणूस चिरेत पातळ गोंद मुरवून कडा दाबून धरेल आणि आतून स्प्रूसचे छोटे तुकडे चिकटवेल. हे तुकडे साधारण सेंटिमीटरभर रुंद, दीडेक मिलिमीटर जाड असतात आणि त्यांच्या रेषा चिरेला आडव्या ठेवतात. त्याला एकच विचारा, ‘वाद्य आधी कोरडं करून घेणार का?’ फुगलेल्या अवस्थेत चिकटवलेली चीर लाकूड आकसताना पुन्हा ओढली जाते, नाहीतर शेजारी दुसरी पडते. जो हो म्हणेल आणि किती दिवस लागतील ते सांगेल, त्याच्याकडेच द्या. दुरुस्तीच्या वेळी आतला फोटो मागून घ्या, विकताना तोच उपयोगी पडेल.

आता दोन्ही वाद्यं मुंबईच्या दमट हवेपासून वाचवायची. आधी केस रिकामी करून दुपारी उन्हात चार-पाच तास उघडी ठेवा. ऑगस्टात ऊन मिळेल त्या दिवशी. वाद्य उन्हात नको. केसमधल्या वासासाठी डांबरगोळ्या टाकू नका. वाद्याचं आतलं लाकूड उघडं असतं, त्याला पॉलिश नसतं, आणि त्यात मुरलेला डांबरगोळीचा वास वर्षानुवर्षं जात नाही. घेणारा साउंडहोलला नाक लावतोच. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर जेमतेम ओलसर सुती कापडाने पुसून लगेच कोरडं करा. फर्निचरचं पॉलिश, खोबरेल तेल काही नको. सिलिकॉनवालं पॉलिश लाकडावर बसलं की पुढे तिथे नवं पॉलिश धरत नाही.

मग एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला ओलावा टक्क्यांत मोजणारं यंत्र) आणा, काही शे रुपयांत मिळतो. स्वस्तातले बरेच चुकीचं दाखवतात, म्हणून मिठाची चाचणी घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर पाण्याचे थेंब, मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये इतकेच. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दाखवला तर पुढे नेहमी ५ मिळवायचे. केसमध्ये ओलावा शोषणारी आणि सोडणारी, ४९ टक्के ओलावा राखणारी दुहेरी पाकिटं ठेवा, तीन-चार तरी. निव्वळ सिलिका जेलही ओलावा खेचतं, पण ते थांबायचं कुठे हे जाणत नाही. केस बंद, खोलीत रात्री एसी असेल तर उत्तम. तीन आठवडे जाऊ द्या. केसमधला आकडा ४५ ते ५५ मध्ये स्थिर झाला की मोजमाप घ्यायला बसा. वाद्य घाईने सुकवू नका. ड्रायर किंवा बल्बजवळ ठेवलं तर टॉप सगळीकडे सारखा सुकत नाही आणि नवी चीर पडते.

ही मोजमापंच तुमची जाहिरात आहे. मोठ्या कंपनीचं नाव असलेलं वाद्य नावावर खपतं. होनोलुलूची कामाका १९१६ पासून उकुलेले बनवते, तिचं लेबल बघून माणूस निम्मा निर्णय करतो. एकट्या कारागिराच्या वाद्याला ती सोय नसते, तिथे घेणाऱ्याला आकडे हवे असतात. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, ती स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. टेनरची साधारण ४३ सेंटिमीटर येते. नटची रुंदी मिलिमीटरमध्ये. दोन टोकांच्या तारांच्या मध्यांमधलं अंतरही द्या, जाड बोटांचा माणूस तेच आधी विचारतो. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची स्टीलच्या पट्टीने, डोळा पट्टीच्या पातळीला आणून मोजा. अडीच ते तीन मिलिमीटर असेल तर निश्चिंत राहा, साडेतीनच्या वर असेल तर तसं लिहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. फ्रेट किती, तारा कुठल्या आणि कधी घातल्या.

फ्रेटकडे एकदा नीट बघा. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या तारा फ्रेटला फारशा खात नाहीत. पहिल्या तीन फ्रेटांवर खोल खड्डे असतील तर कधीतरी कोणीतरी स्टीलच्या तारा चढवल्या होत्या अशी शंका घेणारा घेईल, आणि लगेच ब्रिजकडे बघेल. टेनरवर चारही तारांचा मिळून वीस-पंचवीस किलोंचा ताण असतो, त्याहून जास्त ओढीला हा ब्रिज बनवलेला नसतो. म्हणून तुम्हीच आधी बघा. दुकानाच्या बिलाचा पातळ कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कुठेच शिरत नसेल तर ठीक. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय, तो चिकटवून घेतल्याशिवाय विकू नका. कोआचा ब्रिज असा सुटलेला असेल तर ते कुरिअरने मुळीच पाठवू नका.

कोआच्या लो जीबद्दलही एक ओळ लिहा. लो जीची तार जाड असते, म्हणून नटची ती खाच रुंद केलेली असते. घेणाऱ्याने तिथे पातळ हाय जी घातली तर ती खाचेत हलते आणि झणझणते. हा वाद्याचा दोष नाही, पण आधी सांगितलं नाही तर दोष ठरतो.

नव्या तारा भेटीच्या आदल्या रात्री चढवू नका. फ्लुरोकार्बन स्थिरावायला तीन-चार दिवस घेतं, आणि सारखं सुरातून उतरणारं वाद्य बघून घेणारा खुंट्यांना नावं ठेवतो. आठवडाभर आधी घाला, रोज सुरात लावा. अंगठ्याला जमत नसेल तर ओळखीच्या कोणाकडून घालून घ्या.

फोटो गॅलरीत सकाळच्या उजेडात काढा, फ्लॅशने नको. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, हेडस्टॉक (मानेवरचं खुंट्यांचं डोकं) पुढून-मागून, लेबल, नट, ब्रिज आडव्या कोनातून. कोआ बाभळीच्या कुळातलं लाकूड, त्यातल्या लहरी वाद्य तिरकं केलं की चमकतात, म्हणून त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ वाद्य हळूहळू फिरवत घ्या. सीडरच्या रेघेचा फोटो जवळून, शेजारी पट्टी ठेवून. आवाजासाठी पंखा बंद, पहाटेची वेळ, फोन फूटभर अंतरावर आणि रोख बाराव्या फ्रेटकडे, साउंडहोलकडे नाही, नाहीतर सगळा घुमटलेला आवाज येतो. आधी चार तारा एकेक मोकळ्या. मग प्रत्येक तारेवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर. कंटाळवाणं वाटेल, पण जाणकार तेच ऐकतो. कुठे झणझण आहे का ते त्यातच कळतं. रेकॉर्डिंगवर कसलेही इफेक्ट चढवू नका.

किमतीचं बोलू. दुकानात तीन-चार हजारांत कारखान्यातलं उकुलेले मिळतं. त्याच्याशी तुलना करणाऱ्या माणसाशी घासाघीस करत बसू नका, तो तुमचा गिऱ्हाईक नाही. तुमच्या कोआची खरी तुलना आज तेच वाद्य नव्याने मागवण्याशी आहे. त्या कारागिराची आजची किंमत, भाडं, कस्टम, आणि काही महिन्यांची वाट. त्याला मेल करून आजचा दर आणि तुमच्या वाद्याचा मूळ तपशील मागून घ्या. वॉरंटी बहुतेकदा पहिल्या मालकापुरतीच असते, तेही विचारा म्हणजे घेणाऱ्याला चुकीचं सांगितलं जाणार नाही. त्या आजच्या एकूण खर्चाच्या ५५ ते ६५ टक्के ही निर्दोष वाद्याची रास्त मागणी. तुमच्या २०१७ च्या खर्चावरच धरलं तरी साधारण ७४ ते ८८ हजार होतात. ८५ लावा, ७५ च्या खाली जाऊ नका. सीडरचं आमच्या अंदाजाने असं : नुसतं पॉलिश तडकलं असेल तर ३० हजार, चीर नीट दुरुस्त करून आणि फोटोसकट २५, आणि चीर तशीच ठेवून विकलंत तर १८ सुद्धा मुश्कील. म्हणजे दुरुस्तीचा खर्च काही हजारांत बसत असेल तर करून घेणंच फायद्याचं. दुकानदाराचे ४०,००० हे फसवणं नव्हे. त्याला पैसे अडकवून ठेवावे लागतात, माल पुढे विकायचा असतो. उद्याच पैसे हवे असतील तर घ्या. तुम्हाला तशी घाई दिसत नाही.

सीडरचं मुंबईतच विका. भेट स्टेशनवर ठेवू नका. दादरच्या पुलावर कोणालाही स्वर ऐकू येत नाही, आणि गर्दीत केस उघडणं म्हणजे धोका. घरी बोलवायचं नसेल तर सरावाची खोली तासाच्या भाड्याने मिळते, ती घ्या. पैशांचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत केस हातातून सोडू नका. आणि पैसे घेताना कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागणारा क्यूआर कोड कोणी पाठवला तर बोलणं तिथेच संपवा.

बेंगळुरूच्या माणसाची ४८ तासांची अट मान्य करा. हाताने घडवलेलं वाद्य हातात घेतल्याशिवाय कळत नाही, तो गैर काही मागत नाही. फक्त अटी आधी लिहून घ्या. पूर्ण पैसे आधी तुमच्या खात्यात, यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख आहे त्यामुळे ही रक्कम एका दिवसात येते. ४८ तास कुरिअरने पोचवल्याच्या वेळेपासून. परत पाठवायचं भाडं आणि जोखीम त्याची, पॅकिंग तसंच. वाद्य तुमच्या हातात येऊन तपासलं की दोन दिवसांत पैसे परत. खोकं उघडताना त्याने न थांबवता व्हिडिओ काढायचा. खोकं आल्या आल्या केस उघडू नये, सहा-आठ तास खोलीत तशीच राहू द्यावी, हेही त्याला सांगा.

पॅकिंगवर एक पूर्ण दुपार द्या. वाद्य प्रवासात मोडतं ते बहुतेक हेडस्टॉकच्या खाली. खोकं पडलं की धड थांबतं, पण खुंट्यांचं वजन असलेलं डोकं पुढे झेपावतं आणि मान तिथे तुटते. म्हणून केसमध्ये मानेखाली आधार असला तरी हेडस्टॉकच्या मागे आणि पुढे बबलरॅपच्या घड्या घाला, झाकण लावल्यावर डोकं जराही हलता कामा नये. तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण काढू नका. सुटा टॉर्च, कॅपो, ट्यूनर केसमध्ये ठेवू नका, तेच आतून टॉपला ठोकतात. वाद्यात पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारं आतलं यंत्र) असेल आणि त्याला बॅटरी असेल तर ती काढून टाका. बंद केस कानाजवळ हलवून बघा, काही वाजता कामा नये. मग खोक्यात तळाला, वर आणि चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर दाबलेला कागद किंवा फोम. ७२ × २८ × १३ सेंटिमीटरची केस ८२ × ३८ × २३ च्या खोक्यात जाते. बरेच कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागून वजन धरतात, म्हणजे काट्यावर चारेक किलो भरलेलं खोकं बिलात चौदा किलोंवर जाईल. हे भाडं कोण देणार ते आधीच ठरवा. वाद्याची किंमत जाहीर करून जोखमीचं संरक्षण वेगळं पैसे भरून घ्या आणि त्याची पावती जपा, नुसत्या ‘नाजूक’ स्टिकरचा काही भरवसा नाही.

गुरुवार-शुक्रवारी पाठवू नका, शनिवार-रविवार वाद्य गोदामात पडून राहतं. सोमवारी सकाळी द्या. कोणी ओळखीचं बेंगळुरूला रेल्वेने जाणार असेल तर तो मार्ग सगळ्यात चांगला. विमानात हातातल्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि टेनर केसशिवायच ६६ भरतं, त्यामुळे आधी कंपनीकडून होकार घेतल्याशिवाय विमानाच्या भरवशावर राहू नका.

दोन्ही विक्रींना एक साधा कागद करा. तारीख, दोघांची नावं, लेबलवरचा क्रमांक, किंमत, तुम्ही मोजलेली तारांची उंची आणि त्या दिवशी केसमधला ओलावा. सीडरच्या कागदावर रेघ कुठे आहे, किती लांब आहे आणि तिचं काय केलं आहे, हे दोन ओळींत लिहून त्याखाली घेणाऱ्याची सही घ्या. ओलाव्याची पाकिटं केसमध्येच राहू द्या.